रडार अँटेनांच्या संरक्षणासाठी साच्यात घडविलेली स्तरित पॅनेल : निर्मितीतंत्र आणि बीड जिल्ह्याच्या संदर्भातील विचार

बीजसंज्ञा : रडार, रेडोम, काचतंतू, लॅमिनेट, गारपीट, मराठवाडा

प्रस्तावना

फेब्रुवारी 2014 च्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर गारपीट झाली. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणेच बीड जिल्ह्यातही काढणीला आलेली रब्बी ज्वारी, गहू, हरभरा आणि फळबागा यांचे अतोनात नुकसान झाले. त्या काळात हवामानाचे डॉप्लर रडार मुंबईत होते, नागपुरात होते आणि हैदराबादलाही होते. तरीही बीडवर चाल करून येणारा ढग या तिन्ही रडारांच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होता. याचे कारण यंत्रांच्या दर्जात नसून भूगोलात आहे.

बीड शहर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे 310 किलोमीटर, हैदराबादपासून सुमारे 340 किलोमीटर आणि नागपूरपासून सुमारे 420 किलोमीटर अंतरावर आहे. रडारची लहर जवळपास सरळ जाते. पृथ्वी मात्र तिच्याखाली वक्र होत जाते. क्षितिजाशी अर्ध्या अंशाचा कोन करून मुंबईहून निघालेली लहर बीडवर पोहोचते तेव्हा ती जमिनीपासून आठ किलोमीटरांहून अधिक उंचीवर असते. म्हणजे ढगाचा माथा कदाचित दिसेल, परंतु गारा ज्या थरात वाढतात आणि ज्या थरातून खाली येतात तो थर तिच्या खालीच राहतो. हेच रडार छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे बीडपासून सुमारे 110 किलोमीटरांवर असेल, तर तीच लहर बीडवर दीड ते पावणेदोन किलोमीटर उंचीवरून जाईल. 2015 मध्ये मराठवाड्यातील कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी तत्कालीन औरंगाबादच्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या इमारतीवर सी-बँडचे रडार बसविण्यात आले होते, आणि पुढे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आपल्या मेघप्रयोगांसाठी सोलापूर येथे असेच रडार वापरले. म्हैसमाळच्या पठारावर कायमस्वरूपी रडार बसविण्याची योजनाही पुढे आली.

गारपीट पाहण्यासाठी रडार गारपिटीच्या प्रदेशात आणले की ते स्वतःच गारपिटीच्या माऱ्यात येते, ही यातील अडचण आहे. अँटेनेची बशी, तिला फिरविणाऱ्या मोटारी आणि दंतचक्रे ही सर्व नाजूक यंत्रणा ऊन, वारा, पाऊस आणि गारा यांपासून झाकावी लागते. आणि ज्या आवरणाने झाकावयाचे त्यातून रडारची लहर मात्र दोन वेळा, जाताना आणि परतताना, विनाअडथळा गेली पाहिजे. रडार आणि डोम या दोन शब्दांच्या संयोगातून या आवरणाला रेडोम हे नाव मिळाले. विमानतळाजवळ किंवा डोंगरमाथ्यावर दिसणारा पांढरा घुमट तो हाच. तो अखंड नसतो. साच्यात घडविलेल्या अनेक वक्र पॅनेलांचा तो जोडलेला असतो. ही पॅनेल कशी घडतात, त्यांना चिलखताचे काम केव्हा करावे लागते आणि मराठवाड्यासारख्या प्रदेशात त्यांच्याबाबत कोणते प्रश्न उभे राहतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लहरीला पारदर्शक असणे म्हणजे काय

धातूचा पत्रा सर्वांत मजबूत, पण तो लहर परावर्तित करतो. म्हणून पोलाद व ॲल्युमिनियम पहिल्याच पायरीवर बाद होतात. कार्बनतंतू विमानाच्या सांगाड्यासाठी उत्तम असले तरी ते विजेचे वाहक आहेत, सबब तेही चालत नाहीत. उरतात ते काच, क्वार्ट्झ, ॲरामिड आणि पॉलिएथिलिन यांचे तंतू व त्यांना बांधून ठेवणारे रेझीन. या प्रत्येक पदार्थाचा एक परावैद्युत स्थिरांक असतो. हवेचा स्थिरांक 1 मानला तर विशेष पॉलिएथिलिनचा सुमारे 2.25, क्वार्ट्झचा सुमारे 3.8 आणि सर्वसाधारण काचतंतूचा 6 पेक्षा थोडा अधिक येतो. गंमत अशी की या सर्वसाधारण काचेला ई-ग्लास म्हणतात आणि त्यातील ‘ई’ हे अक्षर विद्युत या अर्थाचे आहे. विद्युतरोधक म्हणून जन्मलेली ही काच पुढे पाण्याच्या टाक्या आणि होड्यांसाठी प्रसिद्ध झाली.

हवेतून पदार्थात शिरताना आणि पदार्थातून बाहेर पडताना लहरीचा काही भाग माघारी फिरतो. काचतंतू आणि रेझीन समप्रमाणात असलेल्या लॅमिनेटचा स्थिरांक सुमारे 4.4 धरल्यास प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 12 ते 13 टक्के ऊर्जा परत फिरते. पॅनेलची जाडी प्रतिकूल असेल तर दोन्ही पृष्ठभागांवरील परावर्तने एकमेकांना बळ देतात आणि एकूण तोटा 40 टक्क्यांपर्यंत जातो. जाडी अनुकूल असेल तर तीच दोन परावर्तने एकमेकांना छेद देऊन नाहीशी होतात. पदार्थाच्या आत मोजलेल्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी जाडी ही ती अनुकूल जाडी होय. 10 गिगाहर्ट्झच्या एक्स-बँड रडारची हवेतील तरंगलांबी 3 सेंटिमीटर असते, 2.25 स्थिरांकाच्या पॉलिएथिलिनमध्ये ती 2 सेंटिमीटर होते, म्हणून 1 सेंटिमीटर जाडीचा पत्रा त्या लहरीला जवळपास नसल्यासारखाच वाटतो. 2 किंवा 3 सेंटिमीटर जाडीलाही हेच लागू पडते. मात्र जाडी जितकी वाढवावी तितकी ही पारदर्शकता अरुंद वारंवारता-पट्ट्यापुरती आणि समोरून येणाऱ्या लहरीपुरती मर्यादित होत जाते.

हवामान रडारच्या मोठ्या घुमटांसाठी बहुधा दुसरा मार्ग स्वीकारला जातो. दोन्ही बाजूंना काचतंतूची पातळ कातडी आणि मध्ये हलक्या फेसाचा जाड गाभा अशी तीन थरांची रचना केली जाते. फेसात मुख्यतः हवाच असल्यामुळे त्याचा स्थिरांक 1 च्या अगदी जवळ असतो. दोन कातड्यांमधील अंतर असे ठेवले जाते की एकीचे परावर्तन दुसरीच्या परावर्तनाने रद्द व्हावे. या रचनेचा दुसरा लाभ यांत्रिक आहे : कमी वजनात पॅनेलला वाकण्याविरुद्ध मोठा ताठपणा मिळतो.

येथे एक हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण तो थेट शेतीशी निगडित आहे. समजा घुमटातून एका फेरीत 90 टक्के ऊर्जा पलीकडे जाते. दोन फेऱ्यांत 81 टक्के उरते. पावसाचा वेग काढण्याचे प्रचलित सूत्र वापरले तर एवढ्या तोट्याने रडार पावसाचा अंदाज सुमारे 12 टक्क्यांनी कमी देते; 100 मिलिमीटर पाऊस 88 मिलिमीटर दिसतो. तोटा स्थिर असेल तर तो मोजून दुरुस्ती करता येते. परंतु एका दिशेचे पॅनेल जाड आणि दुसऱ्या दिशेचे पातळ असेल तर पाटोद्याचा पाऊस खरा आणि गेवराईचा खोटा अशी अवस्था होते. रेडोम-निर्मितीत जाडीच्या अचूकतेचा एवढा आग्रह का धरला जातो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

लाकडापासून काचतंतूपर्यंत

विमानावर बसविलेला पहिला ज्ञात रेडोम 1941 मधील असून तो अमेरिकेच्या बी-18 या विमानावर होता. तो ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा अर्धगोल होता. त्यानंतर प्लायवूड वापरून पाहण्यात आले. ते स्वस्त होते, पण ओलावा शोषून घेत असे, आणि ओल्या लाकडातून लहर जात नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांनी लाकडाची जागा घेतली. 1950 च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या ध्रुवीय सीमेवर रडारांची साखळी उभारली गेली तेव्हा बकमिन्स्टर फुलर यांच्या त्रिकोणी जाळीच्या घुमटाची कल्पना काचतंतूच्या पॅनेलांत उतरविण्यात आली. भारतात बंगळूरुच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने हवामान रडारांसाठी फेसाच्या गाभ्याचे घुमट विकसित केले. प्लायवूडचा धडा मात्र आजही जुना झालेला नाही. पॅनेलच्या कडेतून आत शिरलेले पाणी हेच रेडोमच्या अकाली वार्धक्याचे प्रमुख कारण असते.

पॅनेलची घडण

प्रथम साचा. अपेक्षित वक्रतेचा एक मूळ नमुना तयार करून त्यावरून काचतंतूचाच जाड साचा उचलला जातो. साच्याचा पृष्ठभाग आरशासारखा घोटून त्यावर मेण किंवा तत्सम सुटे करणारे द्रव्य लावतात. ते विसरले तर पॅनेल साच्याला कायमचे चिकटते. गोलाकार घुमटाची सर्व पॅनेल एकाच त्रिज्येच्या गोलाचे तुकडे असल्यामुळे मोजक्या साच्यांत संपूर्ण घुमट घडविता येतो, आणि साच्यावरचा खर्च सुसह्य होतो.

साच्यावर सर्वप्रथम जेलकोट येतो. हा रंगीत रेझीनचा थर उन्हातील अतिनील किरणांपासून आतील लॅमिनेटचे रक्षण करतो. त्यात धातूची भुकटी असलेला रंग चालत नाही, काजळीयुक्त काळा रंगही टाळला जातो. पांढरा रंग घुमट थंड ठेवतो आणि लहरीलाही अडवीत नाही. त्यानंतर काचतंतूचे विणलेले कापड थरावर थर अंथरले जाते. प्रत्येक थराच्या धाग्यांची दिशा बदलली जाते, कारण लॅमिनेटला बळ मिळते ते धाग्यांच्या दिशेने. मध्ये फेसाचा गाभा ठेवून त्यावर पुन्हा कापडाचे थर दिले जातात.

यापुढे दोन वाटा फुटतात. पहिली वाट हाताची : ब्रशने रेझीन लावावयाचे आणि रोळीने हवा काढावयाची. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फायबरच्या कारखान्यात टाक्या, दरवाजे आणि कूलरचे सांगाडे ज्या पद्धतीने बनतात तीच ही पद्धत होय. टाकीसाठी ती पुरेशी आहे, रेडोमसाठी नाही. कारण एका कारागिराचा हात जड तर दुसऱ्याचा हलका असतो, आणि रेझीनचे प्रमाण बदलले की जाडी व परावैद्युत स्थिरांक दोन्ही बदलतात. दुसरी वाट निर्वाताची. कोरड्या थरांवर प्लॅस्टिकची पिशवी टाकून तिच्या कडा बंद केल्या जातात आणि पंपाने आतील हवा खेचली जाते. वातावरणाचा दाब, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांचा भार, त्या थरांना साच्यावर दाबून धरतो. मग नळी उघडली की रेझीन स्वतःहून कापडात झिरपत जाते. या पद्धतीत काच व रेझीन यांचे प्रमाण सर्वत्र सारखे राहते आणि हवेचे बुडबुडे जवळपास नाहीसे होतात. पवनचक्क्यांची लांबलचक पाती याच तंत्राने बनतात. बालाघाटच्या पठारावर, पाटोदा परिसरात फिरणाऱ्या पवनचक्क्यांकडे पाहताना काचतंतू, रेझीन आणि हलका गाभा यांचे तेच त्रिकूट हवेत फिरताना दिसते. (फिरत्या पात्यांचे प्रतिध्वनी डॉप्लर रडारला वादळासारखे भासू शकतात, त्यामुळे रडारची जागा निवडताना पवनचक्क्यांचा नकाशा समोर ठेवावा लागतो, ही गोष्ट वेगळी.)

विमानाच्या किंवा क्षेपणास्त्राच्या रेडोमसाठी याहूनही काटेकोर पद्धत आहे. रेझीन आधीच मुरविलेले कापड शीतगृहात साठविले जाते, नेमके कापून साच्यावर लावले जाते आणि ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता व दाब देऊन पक्के केले जाते. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकरच. मोठ्या घुमटासाठी मात्र हा खर्च परवडत नाही.

निर्मितीत हवामानाचा वाटा मोठा असतो. पॉलिएस्टर रेझीनमध्ये कोबाल्टचा त्वरक आणि पेरॉक्साइडचा उत्प्रेरक मिसळला की घट्ट होण्याची क्रिया सुरू होते. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट मिसळली तर स्फोट होतो, म्हणून ती नेहमी स्वतंत्रपणे रेझीनमध्ये घातली जातात. तापमान वाढले की ही क्रिया झपाट्याने होते. मे महिन्यातील 42 अंशांच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये रेझीन कापडात पूर्ण झिरपण्यापूर्वीच गोठू शकते. आणि जुलैच्या दमट हवेत काचतंतूंच्या पृष्ठभागावर बसलेला ओलावा रेझीनला तंतूंशी नीट जुळू देत नाही. वातानुकूलित व कोरडी कार्यशाळा ही अशा कामात चैन ठरत नाही, ती निर्मितीची पूर्वअट आहे. ग्रामीण औद्योगिक वसाहतीत असे काम आणण्याची चर्चा होते तेव्हा यंत्रांच्या किमतीपेक्षा अखंड वीजपुरवठ्याचा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. रेझीन झिरपत असताना निर्वात-पंप बंद पडला तर संपूर्ण पॅनेल वाया जाते.

तयार पॅनेलची तपासणी नाण्याच्या टकटकीपासून सुरू होते. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. पुढे श्रवणातीत ध्वनिलहरींनी आतील दोष शोधले जातात, आणि शेवटी पॅनेल दोन अँटेनांच्या मध्ये उभे करून प्रत्यक्ष लहर किती पलीकडे जाते हे मोजले जाते.

सांध्यांचा प्रश्न

एस-बँड रडारला सुमारे एक अंश रुंदीची लहर मिळण्यासाठी साडेआठ मीटर व्यासाची बशी लागते आणि तिच्यावर अकरा-बारा मीटरांचा घुमट येतो. सी-बँडला याच्या सुमारे निम्म्या आकाराची बशी पुरते. आकार काहीही असो, पॅनेल एकमेकांना जोडावी लागतात आणि सांध्याजवळ जाडी वाढते, बोल्ट येतात. प्रत्येक सांधा लहरीचा थोडा भाग इतस्ततः विखुरतो.

संत्र्याच्या फोडींप्रमाणे उभी चिरलेली पॅनेल घडविण्यास सोपी आहेत. परंतु सर्व सांधे उभे असले तर उभ्या आणि आडव्या कंपनाच्या लहरींवर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. आधुनिक हवामान रडार या दोन्ही प्रकारच्या लहरी पाठविते आणि त्यांच्या प्रतिध्वनींतील फरकावरून पाऊस व गार यांत भेद करते. पावसाचा मोठा थेंब पडताना चपटा होतो, म्हणून आडवा प्रतिध्वनी जोरदार येतो. गार गडगडत, कोलांट्या घेत पडते, म्हणून दोन्ही प्रतिध्वनी जवळपास सारखे येतात. हा फरक डेसिबलच्या काही दशांशांइतका सूक्ष्म असू शकतो. घुमटाच्या सांध्यांनीच तेवढा फरक निर्माण केला तर रडार पावसाला गार किंवा गारेला पाऊस समजण्याचा धोका संभवतो. म्हणून हवामान रडारांसाठी अनियमित आकाराची, सांधे सर्व दिशांना विखुरलेली पॅनेल श्रेयस्कर मानली जातात. ती जोडणे किचकट असते आणि त्यांचे साचेही अधिक लागतात. खर्च वाचविण्यासाठी फोडींचा घुमट घेणे ही, गारपीट ओळखण्यासाठीच रडार आणणाऱ्या प्रदेशात, मूळ हेतूलाच छेद देणारी काटकसर ठरेल.

गार, वारा आणि गोळी

रेडोमवर येणारे आघात एका श्रेणीत मांडून पाहिले की साधे आवरण आणि चिलखत यांतील अंतर स्पष्ट होते. अडीच सेंटिमीटर व्यासाची गार सुमारे सात ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला वीस मीटरच्या आसपासच्या वेगाने आदळते; तिची ऊर्जा सुमारे दीड ज्यूल. व्यास दुप्पट, म्हणजे पाच सेंटिमीटर झाला की वजन आठपट होते, वेगही वाढतो आणि ऊर्जा पंचवीस ज्यूलच्या पुढे जाते. लिंबाएवढी गार आणि बोराएवढी गार यांच्या नुकसानीत एवढी तफावत का, हे यावरून कळते. फेसाच्या गाभ्याच्या पॅनेलवर अशी गार आदळली तर वरची कातडी फुटत नाही, पण तिच्याखालचा फेस दबतो आणि कातडी त्यापासून सुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी मात्र वाट शोधते.

वाऱ्याचा आघात वेगळ्या प्रकारचा आहे. ताशी 200 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे 190 किलोग्रॅम भाराइतका दाब देतो. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको येथील हवामान रडारचा घुमट आणि आतील अँटेना दोन्ही उडवून नेले. ऑगस्ट 2020 मध्ये लॉरा वादळात अमेरिकेच्या लेक चार्ल्स येथे हेच घडले. ऑक्टोबर 2014 मध्ये हुडहुड वादळात विशाखापट्टणमचे रडारही निकामी झाले. रडार ज्या क्षणासाठी उभारले जाते त्याच क्षणी ते गमावण्याची ही उदाहरणे आहेत. मराठवाड्यात चक्रीवादळाचा जोर पोहोचत नाही, परंतु वळवाच्या वादळी वाऱ्यात पत्रे उडण्याचा अनुभव येथे नवा नाही.

आता बंदुकीची गोळी. सर्वसाधारण रायफलीच्या आठ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा सुमारे दोन हजार ज्यूल असते, म्हणजे मोठ्या गारेच्या सुमारे ऐंशी पट, आणि तीही नखाएवढ्या जागेवर. बॉम्बच्या तुकड्यांचा वेग यापेक्षाही अधिक असू शकतो. युद्धनौकेवरील अँटेना ही तिचे डोळे असते आणि ती उघड्यावर, उंचावर असते. एप्रिल 1972 मध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘वर्डेन’ या नौकेवर अमेरिकी विमानांनीच चुकून सोडलेली रडारवेधी क्षेपणास्त्रे फुटली. नौका बुडाली नाही. पण तुकड्यांच्या माऱ्याने तिची यंत्रणा निकामी झाली, जीवितहानीही झाली. जाड पोलादी पत्रा लावून असा धोका टाळता येत नाही. एक तर लहर अडते, आणि दुसरे म्हणजे डोलकाठीच्या टोकावर वाढविलेले वजन नौकेचा तोल बिघडविते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि 16 ऑगस्ट 2014 रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेच्या डोलकाठीवर रडारचे चार स्थिर चेहरे चार दिशांना बसविलेले आहेत. एवढ्या उंचीवर प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो.

या पेचावर अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलिन तंतूंनी मार्ग काढला. दुधाच्या पिशवीचे पॉलिएथिलिन आणि हे पॉलिएथिलिन रासायनिक दृष्ट्या एकच. फरक रेणूंच्या लांबीत आणि मांडणीत आहे. 1979 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी या पदार्थाचे पातळ द्रावण करून, त्याचा जेलसारखा धागा काढून तो ताणण्याची पद्धत विकसित केली. ताणामुळे गुंतलेले रेणू समांतर होतात आणि धाग्याला असाधारण बळ येते. त्याची घनता 0.97, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो; पोलादाची घनता 7.85 आहे. त्याचा परावैद्युत स्थिरांक कमी आहे, लहरीचे उष्णतेत रूपांतर जवळपास होतच नाही, आणि तो पाणी शोषीत नाही. ॲरामिडचे तंतूही गोळी अडवितात, पण ते ओलावा धरतात; म्हणून समुद्रावर त्यांचा वापर करताना कडा अत्यंत काळजीने बंद कराव्या लागतात.

असे चिलखती पॅनेल घडविताना एका दिशेच्या तंतूंचे पातळ पत्रे एकावर एक, प्रत्येक वेळी काटकोनात वळवून रचले जातात. ही थप्पी तापविलेल्या साच्यात ठेवून मोठ्या दाबाखाली दाबली जाते. तापमान 125 ते 130 अंशांच्या आसपास ठेवावे लागते. कारण 150 अंशांच्या जवळ तंतूच वितळू लागतात आणि ताणून मिळविलेले सर्व बळ निघून जाते. दाब कायम ठेवूनच साचा थंड केला जातो. गोळी आदळते तेव्हा हे थर एकमेकांपासून सुटतात, तंतू ताणले जातात, आघात शेजारच्या मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि गोळी मंदावत थांबते. इमारतीच्या कामात थर सुटणे हा दोष मानला जातो, चिलखतात मात्र तेच थर सुटणे ऊर्जा गिळण्याचे साधन ठरते. अर्थात या पदार्थाच्या मर्यादाही आहेत. तो उष्णतेला भितो, सतत भाराखाली हळूहळू लांबतो, आणि त्याच्या पृष्ठभागाला काहीही सहजासहजी चिकटत नाही; रंग किंवा काचतंतूची कातडी बसविण्यापूर्वी विद्युत्प्रक्रियेने तो खरखरीत करावा लागतो. जाडी चिलखताच्या गरजेने ठरते, परंतु ती अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत बसवूनच पक्की केली जाते. संरक्षण-अभियंता आणि अँटेना-अभियंता यांच्यातील ही घासाघीस प्रत्येक आराखड्यात असते.

पुणे, गोवा आणि खोडद

या तंत्राची मराठी मुलखातील सर्वांत जवळची कहाणी आकाशाची नसून पाण्याखालची आहे. युद्धनौकेच्या तळाशी पुढच्या बाजूला सोनार असते; ते ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधते. त्यावरील आवरण म्हणजे रेडोमचे पाण्यातील भावंडच : ध्वनीला पारदर्शक, पण लाटांच्या तडाख्याला कणखर. पुण्याच्या दिघी येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने असे संमिश्र आवरण विकसित केले आणि गोव्यातील किनेको या कंपनीने ते घडविले. 11 नोव्हेंबर 2016 रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते ते गोव्यातून रवाना झाले. प्रयोगशाळा आराखडा देते आणि फायबरचा खासगी कारखाना तो साच्यात उतरवितो, ही जोडी महाराष्ट्र-गोव्यात अस्तित्वात आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

उलट टोकाचे उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस बशा कोणत्याही घुमटाशिवाय उघड्यावर उभ्या आहेत. त्या बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या असल्यामुळे वारा त्यांतून आरपार जातो. लांब तरंगलांबीला जाळी पुरते. हवामान रडारच्या तीन ते दहा सेंटिमीटरांच्या लहरी वापरायच्या, बशी अखंड फिरवीत ठेवायची आणि पावसात तिचा तोल ढळू द्यायचा नाही, तर घुमटाला पर्याय उरत नाही.

ओल्या घुमटाचा तोटा

मराठवाड्यासाठी रडार निवडताना पट्ट्याचा आणि घुमटाचा विचार एकत्र करावा लागतो. एक्स-बँडचे रडार लहान व स्वस्त असते. वाईजवळील मांढरदेव येथे सह्याद्रीच्या पावसाच्या अभ्यासासाठी असे रडार वापरले गेले आहे. परंतु मुसळधार पाऊस आणि गारा यांतून जाताना त्याची लहर लवकर क्षीण होते आणि पहिल्या ढगामागचा दुसरा ढग झाकला जातो. एस-बँडला हा त्रास नगण्य असतो, पण बशी आणि घुमट दोन्ही मोठे लागतात. सी-बँड हा यांतील मध्यम मार्ग आहे. त्यातही एक उणीव आहे, आणि ती घुमटाच्या पृष्ठभागावर आहे. पाऊस रडारवरच पडू लागला की घुमटावर पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक काचतंतूच्या कितीतरी पट अधिक असल्यामुळे मिलिमीटरच्या अंशाइतका हा पडदाही सी व एक्स पट्ट्यांत मोठा तोटा करतो. कोरड्या दिवशी अचूक ठरलेले यंत्र नेमक्या वादळात कमी पाऊस सांगू लागते.

यावर उपाय म्हणून घुमटाला अळवाच्या पानासारखा पाणी न धरणारा लेप दिला जातो. पाणी पडद्याऐवजी थेंबांच्या रूपाने ओघळून जाते. बालाघाटच्या परिसरात उन्हाळ्यात उडणारी धूळ आणि कडक ऊन यांनी हा लेप निस्तेज होतो. धूळ बसलेल्या पृष्ठभागावर पाणी पुन्हा पसरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी घुमट धुणे, बादलीभर पाणी टाकून थेंब बनतात की पडदा बनतो हे पाहणे, सांध्यांतील सीलबंदी तपासणे, प्रत्येक गारपिटीनंतर पॅनेल ठोकून आवाज ऐकणे आणि काही वर्षांनी लेप नव्याने देणे ही कामे रडारच्या खरेदी-करारातच लिहिलेली असावी लागतात. त्यासाठी लागणारे कौशल्य फार दूरचे नाही. फायबरच्या टाकीची गळती जोडणारा कारागीर काचतंतू, रेझीन आणि हार्डनर यांच्याशी परिचित असतो. त्याला जाडी मोजण्याची शिस्त आणि योग्य रेझीनचे ज्ञान द्यावे लागेल. रडारच्या घुमटावर टाकीसारखेच चार थरांचे ठिगळ लावले गेले तर भोक बुजेल, पण त्या दिशेचा पाऊस त्या दिवसापासून कमी दिसू लागेल.